रक्ती हगवणीच्या परजीवीचा जनुकनकाशा: पार्श्वभूमी

कोंबडीच्या पिल्लांच्या ज्या रोगाला आपल्याकडचे कुक्कुटपालक रक्ती हगवण म्हणतात, त्याच्या मुळाशी आयमेरिया टेनेला हा एकपेशीय परजीवी असतो. त्याचे वर्णन रेलिए आणि ल्यूसे या फ्रेंच संशोधकांनी १८९१ मध्ये केले, तर कोंबडीला बाधणाऱ्या आयमेरियाच्या अनेक जाती एकमेकींपासून वेगळ्या काढण्याचे काम अमेरिकेत टायझर यांनी १९२९ च्या सुमारास केले.

या परजीवीचा जनुकसंच, म्हणजे त्याचा संपूर्ण डीएनए, वाचण्याची निकड प्रयोगशाळेपेक्षा शेडमध्ये निर्माण झाली. १९४८ पासून सल्फाक्विनॉक्सलीन आणि १९७१ पासून मोनेन्सिन ही औषधे खाद्यातून दिली जाऊ लागली, पण सतत वापरल्या जाणाऱ्या औषधांना परजीवी कमी-अधिक काळात जुमानेनासा होई. दुसरा मार्ग लसीचा होता. १९७० च्या दशकात जेफर्स या संशोधकाने, विष्ठेत सर्वांत आधी उतरणाऱ्या अंडपुटी (परजीवीची कवचबंद, अंड्यासारखी अवस्था) पिढ्यान्‌पिढ्या निवडून, जीवनचक्र लवकर आटोपणारे आणि म्हणून कमी घातक असे वाण तयार केले. औषधाला दाद न देणे आणि लवकर पक्व होणे हे दोन्ही गुण कोणत्या जनुकांत दडले आहेत, हा प्रश्न मग टाळता येण्याजोगा राहिला नाही.

अडचण अशी की या परजीवीचे संपूर्ण चक्र काचपात्रात समाधानकारकपणे चालवता येत नाही. प्रत्येक पिढी जिवंत पिल्लाच्या आतड्यातूनच न्यावी लागते. तरीही ब्रिटनमधील शर्ली आणि हार्वे यांनी आर्प्रिनोसिड या औषधाला दाद न देणारा वाण आणि लवकर पक्व होणारा वाण यांचा संकर घडवून २००० मध्ये जनुकीय दुव्यांचा नकाशा (कोणते गुण एकत्र वारशाने येतात यावरून जनुकांच्या जागा दाखवणारा) प्रसिद्ध केला. त्यात औषधप्रतिकाराचा संबंध गुणसूत्र १ शी, तर लवकर पक्व होण्याचा संबंध गुणसूत्र २ शी लागला. मलेशियन आणि ब्रिटिश गटांनी मिळून गुणसूत्र १ मधील डीएनए अक्षरांचा संपूर्ण क्रम २००७ मध्ये मांडला, तेव्हा एक चमत्कारिक रचना दिसली: पुनरावृत्तींनी गजबजलेले पट्टे आणि जवळजवळ पुनरावृत्तीहीन पट्टे आलटून-पालटून येत होते.

जनुकसंचात १४ गुणसूत्रे आणि डीएनएची सुमारे साडेपाच कोटी अक्षरे आहेत. मलेरियाच्या प्लास्मोडियम फॅल्सिपॅरमलाही गुणसूत्रे १४ च, पण त्याचा क्रम २००२ मध्येच हाती आला होता. आयमेरियात मात्र सीएजी हे तीन अक्षरांचे आवर्तन जनुकांच्या आतही ठाण मांडून बसलेले असते, त्यामुळे अनेक प्रथिनांत एकाच अमिनो आम्लाच्या लांबलचक माळा आढळतात. एकाच काठाच्या साडीचे शेकडो तुकडे पुढ्यात टाकले, तर कोणता कुठला हे सांगणे जितके अवघड, तितकेच यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या आखूड तुकड्यांतून हा क्रम जुळवणे अवघड होते. २०१४ मध्ये कोंबडीच्या सातही आयमेरिया जातींचे जनुकसंच एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हाही टेनेलाचा क्रम हजारो तुकड्यांतच होता. लांब तुकडे सलग वाचणारी यंत्रे आल्यानंतरच तो गुणसूत्रांच्या पातळीवर जुळवता आला.