कॅमेऱ्यातली धक्क्याची नोंद आणि वॉरंटी : पार्श्वभूमी

लग्नसराई सरली की लातूर, बीड, परभणीकडचे फोटोग्राफर बिघडलेल्या बॉड्या बांधून कुरिअरने पुण्या-मुंबईला धाडतात. 'फिजिकल डॅमेज' असा शेरा मारून वॉरंटी नाकारली जाणं त्यांना नवं नाही. पण त्या शेऱ्यामागे निदान पोचा तरी असायचा, बोट ठेवून दाखवता येणारा. धक्क्याची नोंद उपकरणाच्या आतच, सेन्सरकडून होऊ लागली आणि तिच्यावरून 'इम्पॅक्ट', म्हणजे कॅमेरा आपटल्याचा, शेरा मारून वॉरंटी नाकारता येऊ लागली, तसा हा पुरावा मालकाच्या नजरेआड गेला.

मुळात हे काम खोक्यावरचं स्टिकर करी. ठरावीक मर्यादेपलीकडे धक्का बसला की नळीतला द्रव लाल होतो. 2005 च्या आसपास लॅपटॉपमध्ये आणि हार्डडिस्कवर चित्रण करणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत पडण्याची चाहूल घेणारे सेन्सर आले. पण ते डिस्क वाचवायला. लेन्समध्ये थरथर ओळखणारे सेन्सर 1995 पासून आहेत, तेही फोटो हलू नये म्हणून. ग्राहकाच्या सोयीचा हा सेन्सर त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा राहू शकतो, हे ड्रोनमुळे स्पष्ट झालं. अपघात यंत्राच्या दोषाने की उडवणाऱ्याच्या चुकीने, हे कंपन्या उड्डाणाच्या नोंदी वाचून ठरवू लागल्या.

फोनमधल्या पाण्याच्या स्टिकरचं प्रकरण याच वळणाचं. फोन भिजलेला नसताना दमटपणानेही स्टिकरचा रंग बदलतो, अशी अमेरिकेतल्या ग्राहकांची तक्रार होती. 2013 मध्ये तिथल्या एका बड्या कंपनीने तडजोडीत 5 कोटी 30 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. खूण दिसली म्हणजे कारण सिद्ध झालं, हे गृहीतकच तिथे वादात होतं. कॅमेऱ्यांच्या बाबतीत तेच गृहीतक पुन्हा डोकं वर काढतं.

सगळी गुंतागुंत 'इम्पॅक्ट' या शब्दात आहे. एक मीटरवरून निसटलेला कॅमेरा सुमारे 0.45 सेकंद अधांतरी असतो. तेवढा वेळ सेन्सरला जवळपास शून्य भार जाणवतो, मग एकदम उसळी. फरशीवर आपटून पाच मिलिमीटरात थांबला तर सरासरी धक्का 200 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 200 पट, भरतो. तोच कॅमेरा गादीवर पडून दहा सेंटिमीटर रुतला तर 10 जी. म्हणजे उंची तीच, आकडा वीसपट वेगळा. खड्ड्यातल्या हादऱ्यात असा लांबलेला अधांतरी क्षण सहसा नसतो. पडणं आणि हादरणं वेगळं ओळखता येतं ते यावरूनच. मग कंपनीने नुसतं 'इम्पॅक्ट' न लिहिता तारीख, वेळ, किती जी आणि किती काळ, हे सगळं दुरुस्तीच्या जॉबशीटवर द्यायला हवं. नोंद माझ्या यंत्राची आहे, ती मला बघायला मिळालीच पाहिजे.

तारीख तर फारच महत्त्वाची. कॅमेरा मांडवात पडला, एसटीच्या रॅकवरून पडला की कुरिअरच्या गोदामात, हे तारखेवाचून कळणार कसं? शिवाय बॅटरी काढून पाठवलेल्या कॅमेऱ्यात त्याच बॅटरीवर चालणारा सेन्सर वाटेतलं काही नोंदवतच नाही. समजा, मार्चमध्ये धक्का बसला, पुढे चार महिने काम बिनबोभाट झालं आणि जुलैत मदरबोर्ड गेला. या दोन गोष्टींचा संबंध जोडून दाखवण्याची जबाबदारी, माझ्या मते, वॉरंटी नाकारणाऱ्याची आहे.

कायद्यातही 'वॉरंटी' हा शब्द सरळ नाही. 1930 च्या माल विक्री कायद्यात वॉरंटी म्हणजे व्यवहारातली दुय्यम अट. ती मोडली तर भरपाई मागता येते, वस्तू नाकारता येत नाही. दुकानात आपण 'गॅरंटीत आहे का' म्हणून विचारतो ते याहून निराळं. ग्राहकाला खरा आधार मिळाला तो 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद दोन्हींत आहे. मात्र तिची फी आधी तक्रारदाराकडूनच मागितली जाऊ शकते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला शुल्क नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षं. तक्रार ऐकणारा ग्राहक आयोग जिल्ह्याच्या गावीच असल्याने त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

खोक्यावरचं ते जुनं स्टिकर आजही विकत मिळतं. कॅमेरा पाठवताना मालकाने ते स्वतः लावलं, त्याचा आणि बॉडीच्या सिरियल नंबरचा व्हिडिओ काढून ठेवला, तर वाटेतल्या आपटण्याची साक्ष त्याच्याही बाजूने निघते.