अंगणातली रंगीत फरशी आणि ऑयलरचा चुकलेला अंदाज

अंगणात चार रंगांच्या चौकोनी फरशा बसवायच्या आहेत. चार ओळी, चार रांगा. कुठलाच रंग एका ठिकाणी गोळा होऊ नये म्हणून अट घालू: प्रत्येक आडव्या ओळीत आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक रंग एकदाच. सोपा उपाय म्हणजे दर ओळीत रंग एक घर सरकवत जाणे. पण मग एकेका रंगाचे तिरपे पट्टे पडतात आणि नजर त्या पट्ट्यांवरूनच घसरत जाते. म्हणून आणखी एक अट: एकाच रंगाच्या दोन फरशा कोपऱ्यालाही भिडू नयेत.

आता कागद-पेन्सिल घ्या. पहिली ओळ लाल, पांढरी, करडी, काळी. पांढरी दुसऱ्या घरात आहे, म्हणजे खालच्या ओळीत तिला पहिली तीन घरं बंद. ती चौथ्यातच जाणार. करडी तशीच पहिल्यात. लालला तिसरं घर उरतं, काळीला दुसरं. दुसरी ओळ आपोआप ठरली: करडी, काळी, लाल, पांढरी. हाच विचार पुन्हा केला की तिसरी ओळ येते लाल, पांढरी, करडी, काळी, म्हणजे पहिलीच! उभ्या रांगेची अट मोडली. चार रंगांत हे जमणारच नाही. पाच रंग घेऊन दर ओळीत दोन घरं सरकवा, दोन्ही अटी बिनबोभाट पाळल्या जातात.

अशा मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. अठराव्या शतकातला स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर याने घरं भरायला लॅटिन अक्षरं वापरली, त्यावरून हे नाव. त्याने त्यावर ग्रीक अक्षरांचा दुसरा चौरस चढवला. आपल्या भाषेत, प्रत्येक रंगीत फरशीच्या मधोमध वेगळ्या रंगाचं फूल, फुलांनाही ओळी-रांगांची तीच अट, आणि फरशी-फुलाची प्रत्येक जोडी अख्ख्या अंगणात एकदाच. तीन, चार, पाच रंगांत हे जमतं. सहा रंगांत ऑयलर अडला. त्याने कोडं घातलं होतं सहा पलटणींच्या, सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांचं: पलटण म्हणजे आपली फरशी, हुद्दा म्हणजे फूल. १७८२ साली छापलेल्या लेखात त्याने अंदाज वर्तवला की सहाच काय, १०, १४, १८ अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या कुठल्याच संख्येला हे जमणार नाही. १९०० च्या सुमारास गास्तों तारी या फ्रेंच माणसाने शक्यतांची वर्गवारी करून त्या हाताने तपासल्या आणि सहाबाबत ऑयलर बरोबर असल्याचं सिद्ध केलं.

मधल्या काळात लॅटिन चौरस शेतात उतरला. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरसमोर अडचण होती की जमिनीचा कस एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत जातो, मग पीक खतामुळे वाढलं की मातीमुळे? प्रत्येक खत प्रत्येक ओळीत आणि रांगेत एकदा आलं की मातीचा फरक वेगळा काढता येतो. प्रयोगांच्या आखणीचं शास्त्र यातून उभं राहिलं, आणि आपला माणूस या गोष्टीत शिरतो तो इथूनच.

गणितज्ञ शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७, सागरचा, शिक्षण नागपुरात, पुढे अमेरिकेत चॅपेल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राजचंद्र बोस यांच्या हाताखाली पीएच.डी. १९५९ मध्ये या गुरुशिष्यांनी २२ रंगांची फरशी-फुलांची जोडमांडणी रचून दाखवली. बावीसला चारने भागलं की दोन उरतात! पाठोपाठ अमेरिकन गणितज्ञ अर्नेस्ट पार्करने दहाची मांडणी दिली, आणि १९६० मध्ये तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडून ऑयलरच्या यादीतल्या सगळ्या संख्यांना हे जमतं. १७७ वर्षं टिकलेला अंदाज कोसळल्याची बातमी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे १९६३ मध्ये मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले, आणि २०२० मध्ये १०२ व्या वर्षी गेले. त्यांचं नाव आपल्या शाळांतल्या गणिताच्या तासाला घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

दहाची ती मांडणी नोव्हेंबर १९५९ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मुखपृष्ठावर रंगवलेली आहे: शंभर रंगीत चौकोन, प्रत्येकाच्या पोटात एक छोटा चौकोन, एकही जोडी दुबार नाही. ती बघून गवंड्याला दहा बाय दहाचं अंगण जसंच्या तसं बांधता येईल. सहा बाय सहाचं मात्र कुणालाच नाही.