हार्ड डिस्क लावली आणि राउटर बहिरा झाला

इंदिरानगर असो की गंगापूर रोड, नाशिकच्या फ्लॅटमध्ये राउटरची जागा जवळपास ठरलेली असते: हॉलमध्ये, टीव्हीच्या युनिटवर, सेट टॉप बॉक्सला खेटून. त्याच्या पाठीमागे एक यूएसबी पोर्ट असतो आणि बहुतेकांनी त्याला कधी हात लावलेला नसतो. ज्यांनी लावला, त्यांचा हेतू सहसा एकच असतो. लग्नाचे व्हिडिओ आणि मुलांचे फोटो असलेली हार्ड डिस्क तिथे कायमची जोडून ठेवायची, म्हणजे घरातल्या कुठल्याही फोनवर किंवा टीव्हीवर ती उघडते. सोय उत्तम आहे, पण त्यानंतर काही घरांत एक चमत्कारिक तक्रार सुरू होते. आतल्या खोलीत वाय-फायची रेंज फुल दिसते आणि तरीही पान उघडत नाही, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो. केबलवाला येतो, राउटरसमोर उभा राहून स्पीड टेस्ट करतो, स्पीड बरोबर निघतो आणि तो निघून जातो.

लाइन खरंच ठीक असते. डिस्कही ठीक असते. भानगड असते ती डिस्क आणि राउटर यांना जोडणाऱ्या हातभर तारेत.

त्या पोर्टच्या आतली प्लास्टिकची पट्टी निळी आहे का, ते आधी पाहा. निळी असेल तर तो बहुधा यूएसबी ३ आहे. २००८ साली आलेल्या या पद्धतीत जुन्या चार संपर्कांच्या जोडीला आणखी पाच दिले गेले आणि तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट धावू लागले. त्याआधीच्या यूएसबी २ चा वेग होता ४८ कोटी. आता एक सोपा हिशेब. एक, शून्य, एक, शून्य अशी ओळ तारेतून गेली, की विद्युतदाब एकदा वर चढतो आणि एकदा खाली उतरतो. म्हणजे दोन बिटांत एक आवर्तन पुरं होतं. ५ अब्ज बिट म्हणजे अडीच अब्ज आवर्तनं, २.५ गिगाहर्ट्झ. आणि आपल्या घरातल्या वाय-फायचा जुना पट्टा कुठे आहे? २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ. भारतात २००५ साली हा पट्टा परवान्यातून मोकळा झाला. ब्लूटूथही तिथलाच, बिनतारी माउसही तिथलाच, मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच शेजारातला.

खरी माहिती काही एक-शून्य-एक-शून्य अशी शिस्तीत येत नाही. त्यातच इंजिनिअरांनी बिट मुद्दाम विस्कटून पाठवायची सोय केली आहे. कारण साधं आहे: सगळी ऊर्जा एकाच वारंवारतेवर साठली तर तिथे मोठं टोक उभं राहतं आणि उपकरणाने किती विद्युतचुंबकीय कचरा बाहेर टाकावा याचे नियम मोडतात. विस्कटल्यावर टोक मोडतं, पण ऊर्जा नाहीशी होत नाही. ती शून्याच्या आसपासपासून थेट ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरते. नियमाच्या कागदावर सगळं उत्तम, आणि २.४ चा पट्टा मात्र पुरता झाकला जातो. दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही ती ही, की फाइल कॉपी होत नसतानाही हा प्रकार थांबेलच असं नाही. जोडणी जागी असली की ती रिकाम्या वेळीही नुसती जागा भरणारे, विस्कटलेले संकेत पाठवत राहते. डिस्क आणि पोर्ट दोन्ही झोपेच्या अवस्थेत गेले तरच तार शांत होते.

२०१२ साली इंटेल कंपनीने याच विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातला पार्श्वभूमीचा गोंगाट तिच्या जवळ सुमारे २० डेसिबलने वाढतो, असं त्यांच्या मोजणीत दिसलं. २० डेसिबल म्हणजे शंभर पट.

पण तारेतली वीज बाहेर कशी येते? तारेला तर धातूची जाळी असते. शिवाय आत प्रत्येक संकेतासाठी दोन तारांची जोडी असते, एकीत जे जातं त्याच्या नेमकं उलटं दुसरीत. दोघींची क्षेत्रं एकमेकींना खाऊन टाकतात. हे कागदावर. प्रत्यक्षात एक तार दुसरीपेक्षा केसभर लांब असते, कनेक्टरमध्ये दोघींचं वळण थोडं वेगळं असतं, आणि तो उरलेला फरक जाळीवर बाहेरच्या अंगाने वाहू लागतो. जाळी कनेक्टरच्या धातूच्या कवचाला चारही बाजूंनी नीट जोडलेली असेल तर त्याला अटकाव होतो. स्वस्त केबलमध्ये तिथेच काटकसर केलेली असते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तिचा पाव हिस्सा जेमतेम तीन सेंटिमीटर. म्हणजे एवढीशी लोंबती जाळी किंवा कवचातली फटसुद्धा अँटेना व्हायला पुरेशी आहे. इंटेलच्या मोजणीतही कनेक्टर आणि डिस्कचं आवरण यांवर मदार होती. आवरण सुधारलं की गोंगाट उतरत होता. पण ते आवरण तुमच्या-आमच्या हातात नसतं.

आता ती फुल रेंज. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात मजेशीर वाटतं ते हेच. फोनच्या कोपऱ्यातलं चिन्ह फक्त एवढंच सांगतं की फोनला राउटर किती जोरात ऐकू येतो. राउटर फोनला किती ऐकतो, हे त्या चिन्हात कुठेच नाही. आणि गोंगाट तर राउटरच्या कानाशी आहे. नाशिक ढोलच्या पथकात उभा असलेला माणूस ओरडून सांगेल ते समोरच्या गच्चीवरच्याला कळेल. गच्चीवरून आलेलं उत्तर त्याला मुळीच ऐकू येणार नाही. राउटरची तीच गत होते. तो साधारण १०० मिलिवॉटने बोलतो. भिंती ओलांडून त्याच्यापर्यंत पोहोचणारा फोनचा संदेश मात्र एका वॉटच्या दहा अब्जांश इतका क्षीण असू शकतो. शांततेत राउटर तो सहज टिपतो, कारण २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलमधला, म्हणजे पट्ट्याच्या एका तुकड्यातला, उष्णतेमुळे आपोआप होणारा गोंगाट त्याहून हजार पटीने कमी असतो. शेजारी डिस्क आली की ही मोकळीक आक्रसते.

तुम्ही म्हणाल, मी तर व्हिडिओ फक्त बघतोय, पाठवत काहीच नाही. पण वाय-फायमध्ये आलेल्या माहितीची पोच फोनला लगेच द्यावी लागते. ती पोच राउटरला ऐकू आली नाही, तर तो तीच माहिती पुन्हा पाठवतो, मग वेग उतरवून पुन्हा, आणखी उतरवून पुन्हा. म्हणून डाउनलोडही रखडतं. राउटरच्या तीन फुटांवर फोनचा संदेश इतका जोरकस असतो की गोंगाटाने काही बिघडत नाही. केबलवाल्याची टेस्ट पास होते ती त्यामुळेच.

फटका बसतो तो लांबच्या खोलीला, आणि दुर्दैवाने लांबच्या खोलीतलाच फोन २.४ वर असतो, कारण वाय-फायचा दुसरा, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती पार करण्यात कच्चा. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये, जिथे भिंती हातभर जाड आहेत, तिथे तर मुळातच रडकथा आहे. मोकळ्या मैदानात गोंगाट शंभर पट वाढला तर पल्ला दहाव्या हिश्शावर येतो. भिंतींच्या घरात हिशेब थोडा वेगळा पडतो आणि पल्ला ढोबळमानाने तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आला असं धरता येईल. राउटरची अँटेना डिस्कला अगदी चिकटलेली नसेल तर परिणाम याहून सौम्य.

अशा वेळी बरेच जण राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन चॅनेल बदलतात, १ वरून ६, ६ वरून ११. शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असेल तर तो उपाय रास्त आहे. शेजाऱ्याचा राउटर नियम पाळतो, आधी ऐकतो, मग बोलतो, आणि त्याची जागाही ठरलेली असते. यूएसबीचा गोंगाट कुणाचं ऐकत नाही आणि तिन्ही चॅनेलवर सारखाच पसरलेला असतो. चॅनेल बदलून तिथे काहीच हाती लागत नाही.

खात्री करायची असेल तर त्रास होणाऱ्या खोलीतच, फोन २.४ वर ठेवून, अपलोडचा वेग पाहा; मग डिस्क राउटरमधून सुरक्षितपणे बंद करून काढा आणि पुन्हा पाहा. फरक पडला नाही तर डिस्क निर्दोष आहे, तिला बिचारीला परत जोडा.

फरक पडला तर माझं मत स्पष्ट आहे: पोर्ट यूएसबी २ वर उतरवा. कित्येक राउटरमध्ये यासाठी स्वतंत्र सेटिंगच असतं, आणि ते आहे हीच एका अर्थी कंपन्यांची कबुली. सेटिंग नसेल तर एमजी रोडवरून यूएसबी २ ची साधी एक्स्टेंशन केबल आणा. तिच्यात ते जादा पाच संपर्कच नसतात, त्यामुळे जोडणी आपोआप जुन्या वेगावर येते. ‘मग डिस्क हळू होईल ना?’ होईल, प्रत्यक्षात सेकंदाला तीस-चाळीस मेगाबाइट मिळतील. पण ती फाइल पुढे २.४ च्या वाय-फायवरूनच जाणार असेल तर तिथे त्याच्या निम्मंही हाती येत नाही, आणि घरगुती व्हिडिओला सेकंदाला पाच-सहा मेगाबाइट पुरतात. रोज शेकडो गिगाबाइट हलवणारा कुणी असेल तर गोष्ट वेगळी. त्याने चांगल्या आवरणाची केबल घेऊन डिस्क राउटरपासून मीटरभर लांब ठेवावी. दहा सेंटिमीटरवरून एक मीटरवर गेलं की पोहोचणारा गोंगाट ढोबळमानाने शंभर पटीने उतरतो. राउटरवर डिस्क आडवी ठेवायची हौस मात्र सोडावी.

टीव्ही आणि जवळच्या खोल्यांतले फोन ५ गिगाहर्ट्झवर टाकावेत. यूएसबी ३ चा पसारा नेमका ५ गिगाहर्ट्झपाशी शून्यावर येतो, आणि वाय-फायचा वरचा पट्टा ५.१५ पासून सुरू होतो, त्यामुळे तो बराचसा वाचतो. हे सुख मूळच्या, ५ अब्ज बिटांच्या पद्धतीपुरतं. १० अब्ज बिटांच्या नव्या पोर्टांचा पसारा थेट १० गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि त्याच्या वाटेत दोन्ही पट्टे येतात.

राउटरच नको, लॅपटॉपवरही हे दिसतं. पेन ड्राइव्हवर फाइल टाकायला घेतली की बिनतारी माउसचा बाण अडखळतो आणि माणूस माउसचे सेल बदलत बसतो. माउसचा इवलासा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टाला लागूनच लावलेला असतो. तो काढून लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावला की बाण बहुधा सरळ चालू लागतो.