तबसची सीमा आणि घनतेचा घोळ

इराणच्या लोकसंख्या घनतेचे दोन नकाशे शेजारी ठेवा, एक २०११ च्या जनगणनेचा आणि दुसरा २०१६ चा. यझद प्रांत एकदम गडद झालेला दिसेल. आधी दर चौरस किलोमीटरला ८ माणसं, पाच वर्षांनी १५. वाळवंटात माणसांचे लोंढे चाललेत, असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. मला याची मनापासून चीड येते. ही वाढ बहुतांशी कागदावरच्या एका रेषेनं केलेली आहे, आणि ती रेषा तबसची आहे.

तबस हे मध्य इराणच्या कोरड्या पट्ट्यातलं, खजुराच्या झाडांचं, फारसी बोलणारं छोटं शहर. १६ सप्टेंबर १९७८ ला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ७.४ तीव्रतेच्या भूकंपात ते जमीनदोस्त झालं. शहरातल्या सुमारे १३ हजारांपैकी ११ हजार माणसं गेली. अशा वेळी दैवी कोपाची भाषा सगळीकडेच सुरू होते. पण अरबी भूपट्टाच्या रेट्यानं इराणचं कवच सतत दाबलं जातंय, आणि तबसमधली बरीचशी घरं कच्च्या विटांची, जड घुमटी छपरांची होती. माणसं त्या छपरांखाली मेली. शहर पुन्हा उभं राहिलं. २००६ साली तिथे ३० हजारांवर माणसं होती, २०१६ मध्ये जवळजवळ ४० हजार.

इराणात प्रांताला ओस्तान म्हणतात. त्याखाली शहरेस्तान (साधारण आपला जिल्हा), मग बख्श (साधारण तालुका), मग गावांचा गट म्हणजे देहेस्तान. (शहर हा शब्द आपण फारसीतूनच घेतला, आणि जुन्या महसुली कागदांत भेटणाऱ्या 'देहझाडा'तला देह म्हणजे हेच गाव.) तबस हे तबस शहरेस्तानाचं मुख्य ठाणं. हे शहरेस्तान पूर्वी खुरासान प्रांतात होतं, २००१ मध्ये यझदला जोडलं गेलं. २००४ मध्ये उरलेल्या खुरासानचे तीन प्रांत झाले, आणि २०११ च्या जनगणनेनंतर लवकरच तबस त्यांतल्या दक्षिण खुरासानात गेलं.

आता आकडे बघा. तबस शहरेस्तान सुमारे ५५ हजार चौरस किलोमीटरचं आणि त्यात माणसं जेमतेम ७० हजार, म्हणजे घनता १.३. तबस धरून यझदमध्ये १०.७४ लाख लोक आणि जवळपास १.३ लाख चौरस किलोमीटर जमीन होती. तबस वजा केल्यावर माणसं ७ टक्क्यांहून कमी घटली, जमीन मात्र ४० टक्क्यांहून जास्त गेली. त्यामुळे त्याच २०११ च्या आकड्यांवर घनता ८.३ वरून साडेतेराच्या आसपास पोचते. तिकडे दक्षिण खुरासानची घनता सातच्या आसपास होती, ती पाचच्या खाली आली. तबस दोन्ही प्रांतांपेक्षा विरळ असल्यामुळे ज्यानं ते सोडलं त्याची सरासरी चढली आणि ज्यानं घेतलं त्याची उतरली. यासाठी एकाही माणसाला बिऱ्हाड हलवावं लागलं नाही. खरी वाढ उरते ती साडेतेरापासून पंधरापर्यंतची.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. १.३ ही घनता तबसमध्ये कुणीच अनुभवत नाही. शहरेस्तानातली निम्मी माणसं त्या एका शहरात राहतात, बाकीची पाणी असेल तिथल्या वस्त्यांत, आणि मधलं वाळवंट रिकामं. समजा, एक एसटी ६० प्रवाशांनी खच्चून भरली आहे आणि दुसरीत दोघंच बसलेत. गाडीमागे सरासरी ३१. पण प्रत्येक प्रवाशाला 'तुझ्या गाडीत किती जण?' असं विचारलं, तर साठ जण ६० सांगतील आणि दोघं २. सगळ्या उत्तरांची बेरीज ३६०४, भागिले ६२, म्हणजे ५८. लोकसंख्येच्या भारानं काढलेली घनता ती हीच. जमिनीचा प्रत्येक तुकडा, त्यावर जितकी माणसं राहतात तितक्या वेळा मोजायचा. रिकामं वाळवंट शून्य वेळा मोजलं जातं, म्हणून ते कोणत्या प्रांतात टाकलं यानं उत्तर बदलत नाही. तुकडे किती लहान घेता, यानं मात्र बदलतं. शहरेस्तान हाच एक तुकडा धरला तर पुन्हा १.३ हातात येतात. देहेस्तानापर्यंत आणि शहराच्या हद्दीपर्यंत उतरलं, की तबसमध्ये दाटीनं राहणारी माणसं आकड्यांत दिसायला लागतात.