विशेष गरजा असलेल्या रुग्णांची रुग्णालयीन शुश्रूषा

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नसणे), अंधत्व, बहिरेपण, मज्जारज्जूची इजा अशी अवस्था आधीपासून असलेली व्यक्ती न्यूमोनिया, अस्थिभंग, अपेंडिक्स अशा वेगळ्याच कारणाने रुग्णालयात दाखल होते. तेव्हा तिच्या गरजेनुसार नेहमीच्या रुग्णसेवेत केलेले फेरफार म्हणजे विशेष गरजा असलेल्या रुग्णांची शुश्रूषा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली आहेत. त्याच्या कलम २५ नुसार सरकारी व खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळाविरहित वावर आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य मिळेल अशी तजवीज शासनाने व स्थानिक प्राधिकरणांनी करायची आहे. प्रत्यक्षात दर्शनी भागात रॅम्प असतो आणि वॉर्डातल्या संडासाचे दार व्हीलचेअरपेक्षा अरुंद निघते. तरीही बहुतेक इजा दारामुळे होत नाहीत. रुग्णाची रोजची रीत कोणी विचारलेली नसते, किंवा विचारली तरी तिच्याप्रमाणे काम करायला परिचारिकेजवळ वेळ नसतो, तिथे त्या होतात.

रोजच्या स्थितीची नोंद

रुग्ण बरा असताना कसा असतो, हे दाखल झाल्यावर पहिल्याच पाळीत विचारून लिहून ठेवावे. घास केवढा घेतो, पाणी पेल्याने पितो की चमच्याने. ‘हो’ आणि ‘नाही’ कसे सांगतो. दुखले की काय करतो. कशाने बिथरतो, कशाने निवळतो. फिट येते का, कशी आणि किती वेळ. शौचाला किती दिवसांनी होते. कोणती गोळी, कोणत्या वेळी, कशाबरोबर. ब्रिटनमधील रुग्णालयांत यासाठी ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ नावाचे छापील पत्रक वापरतात. आपल्याकडे वहीचे एक पान केसपेपरच्या वरच लावले तरी काम भागते. एरवी ही सगळी माहिती आईच्या डोक्यात असते, आणि ती दुपारी डबा आणायला घरी गेली की तिच्याबरोबर निघून जाते. पाळी बदलताना हे पान वाचून दाखवावे.

नोंद नसली की ‘त्याचे हे नेहमीचेच आहे’ असे म्हटले जाते. मुलगा कानावर मारून घेतो, जेवण सोडतो, अचानक गप्प होतो; हे सारे दिव्यांगत्वाच्या खाती जाते आणि किडलेला दात, कानातला पू, मूत्रसंसर्ग किंवा आठ दिवसांची बद्धकोष्ठता तशीच राहते. बद्धकोष्ठता सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते, म्हणून शौचाचा तक्ता रोज भरायलाच हवा. नैऋत्य इंग्लंडमधील मृत्यूंच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या गोपनीय चौकशीत बौद्धिक दिव्यांगत्व असलेले पुरुष सर्वसाधारण लोकांपेक्षा १३, तर स्त्रिया २० वर्षे आधी मृत्यू पावत असल्याचे आढळले. निदान आणि उपचारांना झालेला उशीर हे त्यामागचे एक ठळक कारण होते.

वेदनेचे मोजमाप

‘शून्य ते दहामध्ये किती दुखते?’ हा प्रश्न इथे कुचकामी ठरतो. न बोलणाऱ्या रुग्णासाठी सुधारित ‘फ्लॅक’ मोजपट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण देतात. बेरीज १० पर्यंत जाते. ‘सुधारित’ हा भाग महत्त्वाचा, कारण त्यात त्या मुलाची खास लक्षणे पालकांकडून विचारून प्रत्येक बाबीपुढे लिहिली जातात. दुखत असताना हसणारी किंवा श्वास रोखून धरणारी मुलेही असतात. गुण वेदनाशामक देण्यापूर्वी आणि दिल्यानंतरही नोंदवावेत.

भरवणे आणि औषधे

सेरेब्रल पाल्सीच्या रुग्णाला आडवे ठेवून भरवणे हा वॉर्डातला सर्वांत महाग पडणारा आळस आहे. कंबरेतून ९० अंशांत बसवावे, पाय टेकलेले असावेत, हनुवटी किंचित खाली असावी. चमचा उथळ, घास लहान; आधीचा घास गिळल्याचे पाहूनच पुढचा द्यावा. जेवणानंतर किमान अर्धा तास बसतेच ठेवावे. भरवणाऱ्याने उभे राहू नये, कारण वर पाहताना रुग्णाची मान मागे जाते आणि श्वासमार्ग उघडा पडतो. साधे पाणी सर्वांत लवकर ठसक्यात जाते. घट्ट आणि पातळ एकत्र असलेले पदार्थही तसेच: चहात बुडवलेले बिस्किट, पातळ आमटीतला भात. खोकला आला नाही म्हणजे अन्न सुखरूप गेले असेही नाही. आवाज ओलसर होणे, डोळ्यांत पाणी येणे, संध्याकाळी ताप चढणे ही चिन्हे दिसली तर तोंडाने देणे थांबवून डॉक्टर व वाक्-उपचारतज्ज्ञांना कळवावे. किती दाट द्यायचे ते त्यांनी ठरवायचे असते. असे एक जेवण ३०-४० मिनिटे घेते. इतका वेळ एका परिचारिकेला मोकळा मिळेल अशी कामाची वाटणी इन्चार्ज सिस्टरने करावी लागते.

रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली आहाराची नळी) असेल तर पोटातून ओढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप) ५·५ किंवा त्याहून कमी असल्याची खात्री करूनच आहार सोडावा. हवा सोडून स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही. डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवावी. नळीतून देण्यासाठी सरसकट गोळ्या कुटणे धोक्याचे असते: हळूहळू विरघळणारी व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची गोळी कुटली की सगळा डोस एकदम उतरतो. फेनिटोइन हे फिटचेच दुसरे औषध आहारासोबत दिले तर त्याचे शोषण घटते, म्हणून त्याच्या आधी व नंतर साधारण तास-दोन तास आहार बंद ठेवतात. शस्त्रक्रियेच्या सकाळी ‘उपाशी ठेवा’ या सूचनेखाली फिटची गोळीही चुकते आणि टेबलावर जाण्याआधीच झटका येतो. ही गोळी बहुधा घोटभर पाण्याबरोबर द्यायची असते. भूलतज्ज्ञाला आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावे.

फिट आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, वेळ पाहावी, तोंडात काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावणाऱ्या नातेवाइकांना शांतपणे पण ठामपणे थांबवावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर लिहून दिलेले औषध द्यावे.

संवाद आणि भीती

स्वमग्न रुग्णाला प्रकाश, अलार्म, अनोळखी हात आणि वाट पाहणे या चारही गोष्टी जड जातात. दारापासून दूरचा पलंग, मॉनिटरचा आवाज कमी, शस्त्रक्रियेच्या यादीत पहिला क्रमांक इतके केले तरी निम्मा त्रास टळतो. यादीचा बदल फुकटात होतो, तरी तो क्वचितच केला जातो. रक्तदाबाचा पट्टा आधी आईच्या हाताला लावून दाखवावा. सुईच्या जागी लिडोकेन-प्रिलोकेनचे बधिर करणारे मलम तासभर आधी लावावे. दहा मिनिटे आधी लावलेले मलम उपयोगाचे नाही. एका वेळी एकच, छोटे वाक्य बोलावे आणि उत्तरासाठी थांबावे. हातपाय बांधणे हा शेवटचा उपाय असून त्याचे कारण व वेळ नोंदवावी लागते.

बहिऱ्या रुग्णाच्या ज्या हाताने खुणा होतात त्या हाताला सलाईन लावू नये. त्याच्यासमोर मास्क खाली घेऊन, तोंडावर उजेड ठेवून बोलावे. लिहून विचारले की झाले, हा समज अपुरा आहे: भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण मराठीपेक्षा वेगळे आहे आणि अनेकांना लिखित मराठी सहज समजत नाही. संमतीच्या वेळी दुभाषा हवा. रुग्णाच्या शाळकरी मुलाला त्या जागी बसवू नये. अंध रुग्णाजवळ येताना नाव सांगावे, जातानाही सांगून जावे. ताटाची मांडणी घड्याळाप्रमाणे सांगतात: सहावर भात, तीनवर भाजी, बारावर आमटीची वाटी.

संवेदना नसलेले शरीर

मज्जारज्जूची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल तर भरलेले मूत्राशय, मुडपलेली कॅथेटरची नळी किंवा साचलेला मळ एवढ्यानेही रक्तदाब धोकादायक वाढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा रुग्णाचा वरचा दाब एरवी ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० हा आकडा तक्त्यावर साधा दिसतो आणि धोका निसटतो. लगेच ताठ बसवावे, पाय खाली सोडावेत, कपडे सैल करावेत, नळी व पिशवी पाहावी, मग गुदमार्ग तपासावा. दर दोन ते पाच मिनिटांनी दाब मोजावा. दाबाने जखमा होऊ नयेत म्हणून दोन तासांनी कूस बदलणे ओघाने आलेच. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी देऊ नये. भाजल्याचे रुग्णाला कळत नाही.

संमती, सोबती आणि घरी पाठवणे

रुग्ण १८ वर्षांचा झाल्यावर आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध दिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. जिवावरच्या प्रसंगी उपचार यासाठी अडवून ठेवायचे नसतात. पालक असला तरी रुग्णाला समजेल तेवढे त्यालाच सांगावे.

सोबतीला रात्रंदिवस एका नातेवाइकाची परवानगी द्यावी, पण भरवणे व कूस बदलणे त्याच्यावर टाकून मोकळे होऊ नये. घरी सोडताना अन्नाची घनता, नळीची निगा आणि औषधांच्या वेळा सोबत्याकडून करवून व वदवून घ्याव्यात. त्याच्या गावात तीच औषधे मिळतात का, हे विचारावे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमासंरक्षण आहे. त्यासाठी लागणारी बिले व सारांशपत्र त्याच वेळी हातात द्यावे.