इंदूरची क्रेडिट पुण्यात का अडतात

वडिलांची बदली, लग्न, घरातलं आजारपण अशा कारणांनी इंदूरच्या मराठी घरांतली मुलं पदवी अर्ध्यावर असताना पुण्या-मुंबईकडे जातात. कमावलेली क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे गुणांक, सोबत नेता येतात, असं आता नियमांत म्हटलं आहे. तरीही नव्या कॉलेजात मुलांना खालच्या वर्गात बसावं लागतं, आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीचं तर शिक्षणच सुटू शकतं. हे का होतं ते समजायला जरा मागे जावं लागेल.

क्रेडिटची मुळं अमेरिकेत आहेत. १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक दिली. मग वेगवेगळे विषय एकाच मापात मोजायची गरज पडली. ते माप पक्कं झालं पेन्शनमुळे. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या कार्नेगी फाउंडेशनने प्राध्यापकांना पेन्शन देऊ केली. पण ज्या कॉलेजांना ती हवी, त्यांनी प्रवेश देताना शाळेतला अभ्यास तासांच्या ठरावीक एककात मोजावा, अशी अट घातली. पुढे कॉलेजातला अभ्यासही तासांतच मोजला जाऊ लागला. क्रेडिट किती वेळ शिकलात ते सांगतं. काय शिकलात हे त्यात कधीच नव्हतं, आणि आजची सगळी अडचण तिथेच आहे.

भारतात ही पद्धत १९६० च्या सुमारास पंतनगरचं कृषी विद्यापीठ आणि कानपूरची आयआयटी यांनी अमेरिकी मदतीबरोबर घेतली. बाकी विद्यापीठं मात्र वार्षिक परीक्षेवरच चालत राहिली. होळकर कॉलेज १८९१ चं, पण इंदूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १९६४ मध्ये. त्याआधी कॉलेज आग्र्याशी जोडलेलं होतं, १९५७ पासून उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी. एकाच घरातले आजोबा, काका आणि नात याच कॉलेजात शिकले असतील, तरी तिघांच्या पदव्यांवर तीन विद्यापीठांची नावं सापडू शकतात. प्रत्येक विद्यापीठाचं अभ्यास मंडळ वेगळं, पेपर वेगळे. बाहेरून येणाऱ्याकडे मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ बदलल्याचा दाखला, मागायचं आणि वर्ष जुळत नसेल तर खालच्या वर्गात बसवायचं, ही सवय तेव्हापासूनची.

२०१५ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) निवडीवर आधारित क्रेडिट पद्धत आणली. जुलै २०२१ मध्ये ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट खात्यात जमा ठेवणाऱ्या व्यवस्थेचे, नियम आले. क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, आणि पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मी मिळवावी लागतात. मध्य प्रदेशाने नवं शिक्षण धोरण २०२१-२२ पासूनच लागू केलं. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत ते २०२४-२५ पासून आलं. त्यात मध्य प्रदेशाने २०१७ मध्ये सेमिस्टर सोडून पुन्हा वार्षिक परीक्षा घेतली होती, आणि धोरण आलं तेही त्याच चौकटीत. पुण्यात सहामाही सत्रं. इंदूरच्या मुलीचं वर्ष अर्ध्यावर असताना घर हललं, तर तिच्या हाती पूर्ण झालेलं काहीच नसायचं.

बँक आकडे सांभाळते, पण पेपर जुळतो की नाही हे नवं कॉलेज आणि त्याचं विद्यापीठ ठरवतं. त्यांनी नाही म्हटलं, तर खात्यातली क्रेडिट नुसती पडून राहतात. म्हणून टीसी काढण्याआधीच प्रत्येक पेपरचा छापील अभ्यासक्रम विभागाचा शिक्का घेऊन जवळ ठेवावा, आणि किती क्रेडिट धरणार हे नव्या कॉलेजाकडून लेखी मागावं. एकदा टीसी निघाली की तुमची बाजू दुबळी होते.