नकाशात नसलेली संकटं

26 जानेवारी 2001. प्रजासत्ताक दिनाच्या सकाळी कच्छ हादरलं, भूज-भचाऊ जमीनदोस्त झालं. त्या दिवशी दिल्लीत नैसर्गिक आपत्तींचं काम कृषी मंत्रालयाकडे होतं. भूकंपाचा आणि शेतीखात्याचा संबंध काय, असं आज कोणीही विचारेल. पण आपल्या आपत्ती व्यवस्थापनाची जन्मकुंडली याच प्रश्नाच्या उत्तरात आहे. सरकारच्या लेखी आपत्ती म्हणजे दुष्काळ आणि दुष्काळ म्हणजे शेतीचा प्रश्न, ही समजूत शंभर-सव्वाशे वर्षांची होती.

तिची सुरुवात 1876 ते 1878 च्या दुष्काळात सापडते. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत माणसं लाखांनी मेली. सरकारने दुष्काळी कामं काढली, पण खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी हिंदुस्थान सरकारने धाडलेले अधिकारी रिचर्ड टेम्पल यांनी मजुरी कापली. अंगमेहनत करणाऱ्या गड्याला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, एवढ्यावर खडी फोडायची. मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची हलाखी नोंदवून सरकारपुढे मांडली, तर सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालवला.

या हाहाकारानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याचा अहवाल 1880 मध्ये आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. त्या मुळातून पाहिल्या तर थक्क व्हायला होतं. दुष्काळ जाहीर होण्याआधीची चिन्हं त्यांत नोंदवलेली आहेत: धान्याचे भाव चढू लागणं, सावकारांनी हात आखडता घेणं, लोकांनी गाव सोडून भटकू लागणं, भुरट्या चोऱ्या वाढणं. चिन्हं दिसली की कलेक्टरने काय करायचं, कामं कुठे काढायची, मजुरी कशी ठरवायची, शेतसारा कधी तहकूब करायचा, हे सगळं कलमवार लिहिलेलं. पूर्वतयारी हा शब्द आपण आज नवा म्हणून वापरतो. संहिता लिहिणाऱ्यांना ती कल्पना पुरती कळली होती. आणेवारीची मुळंही याच महसुली कारभारात. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक, आणि त्यावरून साऱ्यात सूट. पुढे दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली, आणि 50 पैशांखालचं पीक म्हणजे दुष्काळ, हा हिशेब शेतकऱ्याच्या तोंडी बसला.

संहिता कागदावर होती, पण ती ज्यांच्यासाठी होती त्यांना तिचा पत्ता नव्हता. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने नेमकं हेच हेरलं. सभेचे लोक खेडोपाडी गेले आणि सरकारच्याच संहितेत तुम्हाला काय मिळायला हवं हे शेतकऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगू लागले. सरकार खवळलं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. नियम गावापर्यंत पोचला की त्याचा हक्क होतो, ही गोष्ट त्या लोकांनी इतक्या आधी करून दाखवली होती.

दुष्काळाच्या बाबतीत महाराष्ट्राने पुढे खरोखरच मोठं काम केलं. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या घरात अजून मिलो (बाहेरून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडी (वाटला गेलेला पौष्टिक खाऊ) हे शब्द ऐकू येतात. मे 1973 मध्ये राज्यात जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. पोरांना झाडाखाली ठेवून बायका खडी फोडत होत्या. हाल झाले, पण 1876 सारखी माणसं मेली नाहीत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005 मध्ये देशाने तीच कल्पना उचलली.

म्हणजे पावलं वाजवत, महिनोन्‌महिने चालत येणाऱ्या संकटाशी लढायला आपण शिकलो होतो. तलाठी, मंडल अधिकारी, तहसीलदार, कलेक्टर ही साखळी त्याच कामासाठी घडली होती. पण एका मिनिटात येणाऱ्या संकटापुढे ती साखळी काय करणार?

त्याचं उत्तर किल्लारीने दिलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. 6.2 तीव्रतेच्या त्या धक्क्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं पार कोसळली. सरकारदरबारी 7,928 मृत्यू नोंदले गेले, इतर अंदाज 10 हजारांच्या घरात जातात.

या तीव्रतेचा भूकंप जगात दर वर्षी कुठे ना कुठे होतो आणि अनेकदा त्यात इतकी माणसं जात नाहीत. इथे गेली ती घरांमुळे. औसा-उमरग्याकडचं माळवदाचं घर डोळ्यांपुढे आणा. दोन-अडीच फूट जाड भिंत, पण ती एकसंध नसते. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये दगडगोट्यांची आणि मातीची भर. दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड क्वचितच बसवलेला. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी माळवद गळू नये म्हणून दर वर्षी आणखी माती टाकायची. बापाने टाकली, आजोबाने टाकली. उन्हाळ्यात हे घर थंडगार राहायचं, म्हणून तर लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपलं. धक्क्याने भिंतीचे दोन थर फाकले आणि टनावारी माती निजलेल्या माणसांवर आली. जिथे लाकडी खांबांवर खण नीट उभे होते तिथे भिंती ढासळूनही काही ठिकाणी छप्पर तोललं गेलं आणि आतली माणसं वाचली. चूक घराच्या जातीत नव्हती, ती बांधणीतल्या सांध्यांत होती. पण हे त्या गवंड्याला आधी सांगणारं कोणी नव्हतं.

आणि सांगणार तरी का? देशाच्या भूकंप नकाशावर हा भाग पहिल्या क्षेत्रात होता, म्हणजे सगळ्यांत कमी धोक्याचा. दख्खनचं पठार म्हणजे कातळ, इथली जमीन हलत नाही, ही शास्त्रज्ञांची आणि सामान्यांची सारखीच खात्री. 11 डिसेंबर 1967 ला कोयनानगरला भूकंप झाला, सुमारे 180 माणसं गेली, तेव्हा ही खात्री हलायला हवी होती. पण तो कोयना धरणाशी जोडून पाहिला गेला आणि बाकीचं पठार तसंच सुरक्षित मानलं गेलं. किल्लारीची जमीन तर आदल्या वर्षी, 1992 मध्येच हलू लागली होती. धक्क्यांमागून धक्के येत होते, लोक घाबरून घराबाहेर झोपत होते. मग ते थांबले, लोक पुन्हा माळवदाखाली निजू लागले.

पुनर्वसन मोठ्या प्रमाणावर झालं. जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला, गावं नव्या गावठाणावर हलवली गेली. जमीनधारणा पाहून 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची घरं मिळाली. रुंद सरळ रस्ते, एका ओळीत घरं. गुरं कुठे बांधायची, पारावर कोणी बसायचं, शेजार कुठे गेला, याची उत्तरं त्या आखणीत नव्हती आणि ती टीका रास्तच होती. त्याच कार्यक्रमातली एक गोष्ट मात्र मनापासून दाद द्यावी अशी आहे. दुरुस्तीच्या गावांत, म्हणजे जिथे गाव न हलवता घरं दुरुस्त केली तिथे, बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. अनुदानाचे हप्ते, गवंड्याचं काम, भिंतीत बसवायचे आरपार दगड, यांवर त्या लक्ष ठेवू लागल्या. भूजच्या भूकंपानंतर याच भागातल्या बायका कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. मंत्रालयातला नियंत्रण कक्ष आणि जिल्हावार आपत्ती आराखडे ही व्यवस्थाही किल्लारीनंतरची. भूकंप नकाशा अखेर बदलला, हा भाग तिसऱ्या क्षेत्रात गेला. भूकंपरोधक बांधकामाच्या 2002 च्या मानकात तर पहिलं क्षेत्रच काढून टाकलं: या देशात भूकंपाचा धोका नाही अशी जागाच नाही, हे कागदावर मान्य झालं.

पुढचा धडा ओडिशातून आला. 29 ऑक्टोबर 1999 ला महाचक्रीवादळ पारादीपजवळ किनाऱ्याला धडकलं. समुद्र जगतसिंहपूरच्या एरसामा भागात आत घुसला आणि सुमारे 10 हजार माणसं गेली. हवामान खात्याचा इशारा आलेला होता. पण किनाऱ्यावरच्या माणसाने जायचं कुठे? पक्की निवारागृहं फार थोडी, रस्ते आणि फोन पहिल्या फटक्यात बंद. ओडिशाने मग कायद्याची वाट न पाहता राज्याचं स्वतःचं आपत्ती प्राधिकरण स्थापन केलं, 2001 मध्ये बचाव दल उभारलं, किनाऱ्यावर शेकडो निवारागृहं बांधली, गावागावांत स्वयंसेवक नेमले. कोणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कोण गरोदर आहे, गुरं कुठे न्यायची, हे त्यांना ठाऊक असतं आणि सराव दर वर्षी होतो. 2013 च्या फायलिनमध्ये सुमारे 10 लाख लोक हलवले गेले, 2019 च्या फनीमध्ये 12 लाख. फनीत राज्यात 64 माणसं गेली. कुठे 10 हजार आणि कुठे 64! आपल्याकडे कोणी म्हणालं की निसर्गापुढे इलाज नाही, तर मी त्याला हे दोन आकडे सांगतो.

भूजनंतर, 2002 मध्ये, आपत्तीचं काम कृषी मंत्रालयाकडून गृह मंत्रालयाकडे गेलं. गुजरातने 2003 मध्ये स्वतःचा कायदा केला. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तमिळनाडू आणि अंदमान-निकोबारसह भारतात 10 हजारांवर माणसं गेली. हिंदी महासागरात तेव्हा त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणाच नव्हती, ती हैदराबादला 2007 मध्ये सुरू झाली.

मग आला 26 जुलै 2005. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस आणि त्याच शहरात कुलाब्याला अवघा 73 च्या आसपास. दक्षिण मुंबईतल्या कार्यालयांत बसलेल्यांना उपनगरं बुडताहेत हे कळायलाच वेळ लागला. गाडीत अडकून गुदमरलेली माणसं, मिठी नदी, कुर्ल्या-कलिन्याची ती रात्र मुंबईकर विसरलेला नाही. शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसले ते त्यानंतर.

त्याच वर्षी 23 डिसेंबरला आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय प्राधिकरण, मुख्यमंत्र्यांच्या हाताखाली राज्याचं, कलेक्टरच्या हाताखाली जिल्ह्याचं. 2006 मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल म्हणजे एनडीआरएफ आठ बटालियन घेऊन उभं राहिलं, आज त्या सोळा आहेत, आणि तळेगावजवळच्या सुदुंबऱ्याची पाचवी बटालियन महाराष्ट्राच्या हाकेला धावते. सांगली-कोल्हापूरच्या पुरात केशरी कपड्यांतले ते जवान बोटीतून आले तेव्हा बायकांनी त्यांना राख्या बांधल्या, ते दृश्य खरं होतं आणि त्यामागची कृतज्ञताही खरी होती.

पण कायद्यानंतरही मृत्यूच आधी आणि नोंद मागाहून, हे थांबलेलं नाही. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, 151 माणसं गेली. ही बातमी जगाला कळली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या फेरीवर गेला तर जिथे गाव दिसायचं तिथे गावच नव्हतं. 22 जुलै 2021 ला महाडजवळ तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. वाडीवर जायला पायवाट सोडून रस्ता नव्हता, यंत्रं चढवता आली नाहीत, जवानांनी पावसात फावड्यांनी माती उकरली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत. दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सांगितलं गेलं की इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

हे ऐकताना मला किल्लारीचं पहिलं क्षेत्र आठवलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केलेलं दरडींचं देशव्यापी मापन 1:50,000 या प्रमाणावर आहे. म्हणजे नकाशावरचा 1 सेंटीमीटर हा जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. चाळीस-पन्नास घरांची वाडी त्यात काही मिलिमीटरांत मावते. राज्य, जिल्हा ठरवायला हा नकाशा चांगला आहे. वाडीवरचा उतार पाहायला त्या उतारावर पायी चढावं लागतं. 2025 च्या कायदा दुरुस्तीने राजधान्या आणि महानगरपालिकांच्या शहरांसाठी वेगळं नागरी प्राधिकरण आलं, ते हवंच होतं. सह्याद्रीच्या कुशीतल्या ठाकरवाडीसाठी मात्र आजही कलेक्टर कचेरीच्या खाली तसं काही नाही.

पैशांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला 80 टक्के वाटा प्रतिसादाला आणि 20 टक्के धोका कमी करण्याला ठेवला. हा पाचवा हिस्सा थोडा वाटेल, पण धोका कमी करण्यासाठी असा वेगळा निधी आधी नव्हताच. त्यातून काय करायचं हे गावाला विचारलं तर गाव सांगेल. डोंगराला गेलेली भेग, एकाएकी गढूळ झालेला झरा, एका बाजूला कललेली झाडं ही दरडीची पूर्वचिन्हं गुराखी पोरालाही दिसतात. 1880 च्या आयोगाने बाजारभाव आणि भुरट्या चोऱ्या नोंदवायला लावल्या होत्या, त्याच चालीवर पावसाळ्याआधी तलाठी आणि पोलीस पाटलांनी गावातल्या दोघा-चौघांना घेऊन डोंगर फिरावा आणि पाहिलेली भेग तारखेनिशी लिहून तहसीलला द्यावी. पडलेल्या घराचा पंचनामा आपण दीडशे वर्षं करत आलो आहोत. उभ्या घरामागच्या भेगेचाही तो तसाच व्हायला हवा.